सात वर्षांच्या मुलाला डिस्ने वर्ल्डमध्ये स्ट्रॉलर लागतो का?

मूल शाळेत जायला लागलं, सायकल शिकलं, सोसायटीच्या आवारात संध्याकाळभर हुंदडायला लागलं की बाबागाडी माळ्यावर जाते, नाहीतर नात्यातल्या एखाद्या बाळाकडे. मग फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डची तिकिटं निघतात आणि आधी जाऊन आलेलं कुणीतरी बजावतं, "स्ट्रॉलर घ्याच हं." की घरात दोन पक्ष पडलेच. "एवढी घोडी झालीये, तिला कसली बाबागाडी?" हा आजीचा पक्ष. दुसरा पक्ष गप्प असतो, कारण रात्री पोरीला खांद्यावर टाकायची वेळ त्याच्यावर येणार असते.

माझं मत आधीच सांगून टाकते. शाळकरी मूल चालतं की नाही, याचा इथे फारसा संबंध नाही. चालतंच ते. दुपारी तुम्ही हॉटेलवर परतणार आहात का, यावर सगळं ठरतं. या वयाच्या मुलासाठी स्ट्रॉलर म्हणजे दुपारच्या विश्रांतीला दिलेला पर्याय. दुपारी तीन तास खोलीवर जाणार असाल, तर पाच वर्षांपुढच्या बहुतेक मुलांना त्याची गरज पडत नाही. सकाळी आठला आत शिरून रात्रीची आतषबाजी बघूनच बाहेर पडणार असाल, तर सात वर्षांच्या मुलालाही तो लागतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी दिवस मांडून बघा

कागद घ्या आणि एका दिवसाच्या वेळा लिहा: हॉटेल कधी सोडणार, जेवण कुठे, परत कधी. डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना पार्क इतरांपेक्षा अर्धा तास आधी उघडतं, त्यामुळे उत्साही कुटुंबं साडेसातलाच बाहेर पडतात. मॅजिक किंगडम हे तिथलं किल्ल्याचं पार्क रात्री उशिरापर्यंत चालू असतं. म्हणजे चौदा-पंधरा तासांचा दिवस, आणि दिवसभरात 12 ते 15 किलोमीटर चालणं सहज होतं. मोठ्यांच्या एका पावलात मुलाची दीड पावलं पडतात, हेही धरा.

वरून हवा. भारतातून येणारे बहुतेक जण मे-जूनच्या सुट्टीत येतात. तेव्हा ऑरलँडोत, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या शहरात, पारा 32-33 अंशांवर असतो आणि दमटपणा मुंबईची आठवण करून देणारा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी विजांसह पाऊस जवळजवळ ठरलेला. वीज जवळ असली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात आणि सगळी गर्दी छपराखाली गोळा होते. थँक्सगिव्हिंग किंवा नाताळच्या सुट्टीत येणाऱ्या न्यू जर्सी-टेक्सासच्या मंडळींना ऊन कमी लागतं, पण रांगा जास्त.

रांगेवरून एक महत्त्वाची गोष्ट. स्ट्रॉलर रांगेत नेता येत नाही. राइडच्या बाहेर ठरवून दिलेल्या जागी तो लावायचा आणि रांगेत मुलाने उभंच राहायचं. मुलं चालण्यापेक्षा उभं राहूनच जास्त दमतात, आणि नेमकं तिथे स्ट्रॉलर तुमच्या कामाचा नाही. त्याचा उपयोग दोन राइड्सच्या मधल्या वाटेवर, जेवणानंतरच्या पेंगेत आणि रात्रीच्या शेवटच्या दोन तासांत. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

कुठल्या पार्कला किती गरज

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी मॅजिक किंगडमपासून सुरू झालं आणि आज तिथे चार पार्कं आहेत. सगळा परिसर मिळून साधारण 100 चौरस किलोमीटर. खोपोलीचा इमॅजिका पोरांनी हसत-खेळत पायी केला होता, म्हणून इथला अंदाज बांधू नका.

सगळ्यात जास्त गरज एपकॉटला. तिथे तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत आणि त्यांची नुसती प्रदक्षिणाच 2 किलोमीटरच्या आसपास होते, त्यात सावली कमी. शिवाय मोठ्यांना रस वाटेल असं जास्त आणि मुलांना कमी, त्यामुळे कंटाळा आणि पायदुखी एकदमच सुरू होते. मॅजिक किंगडमला गरज दिवसा बेताची, पण रात्री खूप. गाडीने येणार असाल तर आधी पार्किंग, तिथून मोनोरेल किंवा बोट, मग प्रवेशद्वार, मग मेन स्ट्रीट हा आतला मुख्य रस्ता, तेव्हा कुठे किल्ला. एवढंच सगळं रात्री अकराला उलटं करायचं.

अॅनिमल किंगडममध्ये वाटा मुद्दाम खडबडीत केलेल्या आहेत, जंगलातल्यासारख्या. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या स्ट्रॉलरची छोटी चाकं तिथे खडखडत चालतात. हे पार्क इतरांपेक्षा लवकर बंद होतं, म्हणून रात्रीचा प्रश्न कमी. हॉलिवुड स्टुडिओज त्या मानाने आटोपशीर. एकाच दिवशी स्ट्रॉलर घ्यायचा तर तो एपकॉटच्या दिवशी घ्या आणि हॉलिवुड स्टुडिओजच्या दिवशी खुशाल सोडा.

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडचं गणित अगदीच वेगळं. तिथली दोन्ही पार्कं समोरासमोर आहेत, मधे नुसतं एक पटांगण, आणि बरीच हॉटेलं चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे दुपारी खोलीवर जाऊन येणं सहज जमतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या धडधाकट मुलासाठी मी तरी स्ट्रॉलर घेणार नाही. ऑरलँडोतच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीची पार्कं आहेत, तिथे पार्किंगच्या इमारतीपासून फाटकापर्यंतच बरंच चालावं लागतं, सरकते पट्टे असले तरी. मात्र जुनी दोन पार्कं एकमेकांना लागून आहेत.

सहलीच्या महिनाभर आधी: दोन दिवसांची चाचणी

मुलाला एक दिवस लांब चालवून बघण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी सगळीच मुलं वाघ असतात. गाडी अडते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून एक शनिवार-रविवार धरा. दोन्ही दिवस सात-आठ किलोमीटर चाला, तेही एका दमात नको: प्राणिसंग्रहालय, बाजार, बाग असं मोडत मोडत, मधे रांगेत उभं राहणं येईल असं. सहलीत घालणार तेच बूट घाला.

रविवारी संध्याकाळी काय होतं ते बघा. मूल दमून सोफ्यावर पडलं आणि जेवून झोपलं, तर ठीक. पण रस्त्यातच बसकण मारणं, भावंडावर चिडणं, "माझे पाय दुखतायत" म्हणून रडणं सुरू झालं, तर तो सहलीच्या तिसऱ्या दिवसाचा आगाऊ नमुना समजा. रोज स्कूल व्हॅनने किंवा गाडीने शाळेत जाणाऱ्या मुलाला चालण्याची सवयच नसते, यात त्याचा दोष नाही. महिनाभरात रोज अर्धा तास चालवलं तर खूप फरक पडतो.

दमा, सांधेदुखी, स्नायूंचा अशक्तपणा, स्वमग्नता यांपैकी काही असेल तर चाचणी वगैरे विसरा आणि स्ट्रॉलर घ्याच. अशा मुलांसाठी डिस्नेच्या गेस्ट रिलेशन्सच्या, म्हणजे पाहुण्यांच्या मदतीच्या, खिडकीवर स्ट्रॉलरला एक खूणचिठ्ठी लावून मिळते. मग तो स्ट्रॉलर व्हीलचेअरसारखा धरला जातो आणि रांगेतही नेता येतो. मुलाला काय त्रास होतो ते तिथे जाऊन साध्या शब्दांत सांगायचं.

वजनकाटा आणि मोजपट्टी

पार्कात भाड्याने मिळणारा एका मुलाचा स्ट्रॉलर 50 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे जेमतेम 23 किलोच्या मुलांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सात वर्षांच्या मुलांचं मध्यम वजन 22 ते 23 किलो येतं. म्हणजे सातव्या वर्षी तुम्ही बरोबर सीमारेषेवर असता. अंगाने भरलेलं मूल असेल तर सहाव्या वर्षीच ती ओलांडली जाते.

घरचा जुना स्ट्रॉलर माळ्यावरून काढणार असाल तर त्याच्या दांड्यावरची पट्टी वाचा. युरोपीय मानकानुसार बनलेले अनेक स्ट्रॉलर 15 किलोपर्यंतचेच असतात, काही 22 किलोपर्यंतचे. तीन वर्षांच्या मुलाला घेतलेला हलका स्ट्रॉलर सहा वर्षांच्या मुलाला पेलत नाही. पुढच्या चाकाचा दांडा आधी वाकतो, आणि तोही परदेशात, रात्री.

वजन बसलं तरी उंची बघा. मुलाला बसवा. डोकं छताला लागतंय का? पाय पावठ्यावर टेकतायत की पुढच्या चाकाजवळ लोंबतायत? लोंबणारे पाय चाकात अडकतात. मोठ्या मुलांची आणखी एक खोड: उतरताना ती पावठ्यावर उभी राहतात आणि अख्खा स्ट्रॉलर पुढे कलंडतो. आणि आपली खोड म्हणजे मागच्या दांड्याला पिशव्या लटकवणं. मूल उतरलं की पाण्याच्या बाटल्या, पर्स आणि कॉफीच्या पेल्यासकट गाडी मागे उलटी. जड सामान खालच्या जाळीत, हा नियम घरापासूनच लावून घ्या.

बाहेरून आणलेल्या स्ट्रॉलरसाठी डिस्नेने 1 मे 2019 पासून मापं ठरवून दिली आहेत: रुंदी 79 सेंटिमीटर, लांबी 132 सेंटिमीटर, यापेक्षा मोठा चालत नाही. दोन मोठी मुलं बसतील अशी ओढगाडी, म्हणजे वॅगन, तर सरळ बंद. ढकलायची असली तरी बंद. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या गराजमध्ये ती हमखास असते आणि "चला, हीच नेऊ" असं हमखास सुचतं, म्हणून सांगितलं.

कुठून घ्यायचा

पार्कातला भाड्याचा स्ट्रॉलर दिवसाला 15 डॉलरच्या आसपास पडतो, दोन मुलांचा 30 च्या आसपास. निघण्याआधी ताजा दर बघून घ्या. एकाच दिवशी दुसऱ्या पार्कात गेलात तर पावती दाखवून तिथे दुसरा मिळतो, म्हणून पावती जपा. गाडी कडक प्लास्टिकची, पाठ मागे जात नाही, झोपलेलं मूल मान टाकून लुढकतं. पण शाळकरी मुलांना झोपण्यापेक्षा टेकायला जागा हवी असते, त्यामुळे ते एक वेळ चालेल.

खरी गोम पुढे आहे. हा स्ट्रॉलर फाटकाच्या आत मिळतो आणि फाटकाच्या आतच परत करावा लागतो. फाटकापासून बस, मोनोरेल किंवा पार्किंगपर्यंतची वाट, जी दिवसातली सगळ्यात कठीण वाट असते, ती मूल झोपेत आणि तुम्ही त्याला उचलून. रात्रीसाठी म्हणून स्ट्रॉलर घेत असाल तर पार्कातला घेऊन अर्धाच प्रश्न सुटतो.

दुसरा मार्ग बाहेरच्या भाडेवाल्यांचा. ऑरलँडोत असे बरेच आहेत, ते हॉटेलवर आणून देतात. यांच्याकडे मोठ्या मुलांना पेलणारे, रुंद बैठकीचे, पाठ झुकणारे स्ट्रॉलर असतात आणि काही तर 29-30 किलोचं मूलही पेलतात. चार-पाच दिवस राहणार असाल तर हिशोब बहुधा पार्कातल्या रोजच्या भाड्यापेक्षा बरा बसतो. मागवताना वय सांगू नका, वजन आणि उंची सांगा. हॉटेलवर देताना-घेताना तुम्ही हजर राहायचं की सामान काउंटरवर ठेवलं तरी चालतं, तेही विचारून ठेवा.

तिसरा मार्ग, तिथल्या वॉलमार्ट-टार्गेटमधून छत्रीसारखा मिटणारा साधा स्ट्रॉलर विकत घेणं. मूल 18-19 किलोचं असेल आणि तुमच्याकडे गाडी असेल तर हे सगळ्यात स्वस्त आणि सुटसुटीत. फक्त तिथेही आधी पट्टी वाचायची.

सात आणि तीन वर्षांची दोन मुलं असतील तर प्रश्नच मिटला. धाकट्यासाठी स्ट्रॉलर येणारच आहे, तो जोडीचा घ्या. मोठा दिवसभर "मी नाही बसणार" म्हणेल आणि रात्री नऊला धाकट्याला सरकवून बसेल. स्ट्रॉलरच्या मागे उभं राहायची फळी मिळते, तीही मोठ्याला आवडते, पण तिचीही वजनमर्यादा असते.

आत गेल्यावर

फाटकापाशी सुरक्षा तपासणी होते. तिथे जाळीतलं सगळं उपसावं लागू नये म्हणून सामान एकाच पिशवीत ठेवा. बाहेरचं खाणं नेता येतं, काचेची बरणी आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. ठेपले, दशम्या, चिवडा यांना कुणी हरकत घेत नाही. बर्फाऐवजी गोठवलेले आइस पॅक न्या.

स्ट्रॉलर लावायच्या जागेचा फोटो काढा, पण त्या फोटोवर विसंबून राहू नका. कर्मचारी गाड्या सारख्या सरकवून रांगेत लावत असतात, त्यामुळे तुमची गाडी वीस पावलं पुढे गेलेली असते आणि शेजारी तशाच काळ्या-राखाडी चाळीस गाड्या. दांड्याला काहीतरी भडक बांधा. जुन्या साडीच्या जरीच्या काठाचा पट्टा यासाठी फार छान. दुरून चमकतो, आणि आजूबाजूला दुसऱ्या कुणाकडे तो असण्याची शक्यता नाही. गाडी दिसली नाही तर घाबरून धावू नका, आधी त्याच पटांगणाची दुसरी बाजू बघा.

पासपोर्ट, पैसे, औषधं, फोन गाडीत सोडायचे नाहीत. पाण्याची बाटली, रेनकोट, मोजे राहिले तर चालतं. दुपारी आभाळ येवो न येवो, लावताना प्रत्येक वेळी प्लास्टिकचं आवरण टाका. अर्धा तास आत जाऊन येईपर्यंत बैठकीच्या फोमने पाऊस पिऊन घेतला की संध्याकाळपर्यंत त्या ओल्या गादीवर बसायला मूल तयार होत नाही, आणि भाड्याच्या गाडीतून तुम्ही नुसती ओली गादी ढकलत फिरता. एक छोटा टॉवेल खालच्या जाळीत कोरडा ठेवा.

मूल बसायला तयार नसेल तर

सात वर्षांच्या मुलाला आपण बाळ दिसणं मुळीच खपत नाही. त्यामुळे "चल बस, दमलीस ना" असं म्हणायचं नाही. गाडी सामानाची आहे असं पहिल्या दिवशी जाहीर करून टाका, आणि ढकलायचं काम तिच्याकडेच द्या, गर्दी नसेल तेव्हा. दुपारच्या जेवणानंतर ती आपणहून पिशव्या बाजूला करते. आजीला मात्र आदल्या रात्रीच समजावून ठेवा, कारण तिच्या एका वाक्याने तीन दिवसांची व्यवस्था मोडते. खरं तर आजी-आजोबांसाठीही व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची स्कूटर पार्कात भाड्याने मिळते, आणि आजोबा आनंदाने स्कूटरवर बसले की नातीचा संकोच आपोआप जातो.

रात्रीची बस

आतषबाजी संपली की मेन स्ट्रीटवरून हजारो माणसं एकदम बाहेर पडतात. त्या गर्दीत स्ट्रॉलर घालू नका, पुढच्याच्या घोट्यांवर चाक आदळतं. किल्ल्यासमोर वीस-तीस मिनिटं बसून राहा.

त्यानंतरचा कठीण भाग बसचा. डिस्नेच्या बसमध्ये आणि पार्किंगच्या ट्राममध्ये स्ट्रॉलर मिटूनच चढवावा लागतो. म्हणजे गाढ झोपलेलं वीस किलोचं मूल बाहेर काढायचं, गाडी मिटायची आणि आत चढायचं, मागे रांग खोळंबलेली. याची तयारी थांब्यावर पोचायच्या आधी करा. जाळी रिकामी करून सगळं पाठीवरच्या पिशवीत. एकाने मूल घ्यायचं, दुसऱ्याने गाडी, आणि कोण काय करणार ते आधी ठरवायचं. मिटायची कळ दोघांनाही येत असली पाहिजे. घरी चारदा मिटून बघा, एका हाताने मिटली तर उत्तमच. एकटा पालक आणि दोन मुलं असतील तर मोनोरेलवरचं किंवा स्कायलायनर या केबलवरून जाणाऱ्या पाळण्यांच्या मार्गावरचं हॉटेल घेण्यात शहाणपणा आहे. मोनोरेल आणि मोठ्या फेरीबोटीत गाडी उघडीच नेता येते, स्कायलायनरच्या पाळण्यातही एका मुलाची गाडी तशीच शिरते.

आणि स्ट्रॉलर घेणारच नसाल तर

मग दुपार जपा. साडेअकरा-बाराला निघा, खोलीवर जेवण, पोहणं किंवा झोप, चार-साडेचारला परत. जाण्यायेण्यात तास-दीड तास मोडतो, तो मोडू द्या. ज्या दिवशी परतणं शक्य नाही त्या दिवशी बसायच्या जागा आधीच हेरून ठेवा: मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँड विभागातली पीपलमूव्हर ही संथ, वाऱ्याची राइड, एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँडची बोट, आणि तळ्याच्या पलीकडच्या टोकाला अमेरिकन अॅडव्हेंचरचा साधारण अर्ध्या तासाचा गारेगार खेळ. मुलांना त्या खेळातलं फारसं कळणार नाही, पण खुर्ची मऊ आहे. एपकॉटच्या तळ्यातून बोटही चालते, तिने अर्धी प्रदक्षिणा वाचते. बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मागता येतं. आणि नवे बूट घेऊन थेट विमानात बसू नका, किमान दोन आठवडे वापरा.

दहाव्या वर्षापासून डिस्नेचं तिकीटच मोठ्यांचं लागतं. त्या वयाला प्रकृतीचं कारण नसेल तर स्ट्रॉलरचा विषय काढूच नका, आठ-नऊलाही मी तो क्वचितच सुचवीन.

घरून स्ट्रॉलर नेणार असाल तर बहुतेक विमान कंपन्या तो विमानाच्या दारापाशी जमा करून घेतात, मात्र उतरल्यावर तो दारापाशीच मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे देताना विचारा. तिथे विकत घेतलेला साधा स्ट्रॉलर परत आणायची गरज वाटत नसेल तर शेवटच्या सकाळी हॉटेलात नुकत्याच उतरलेल्या एखाद्या कुटुंबाला विचारा. लगेच घेतात.